आमचा एकशे वीस इंची पडदा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको: या गोष्टीत मी जिंकतो. (कसा जिंकतो, याबद्दल घरात थोडे मतभेद आहेत. घरात आम्ही चार माणसं आहोत आणि त्यांपैकी तिघांचं मत वेगळं आहे.)

बारावीनंतर मी हैदराबादला गेलो, तिथून इंग्लंडात लीड्सला. माणसं एकत्र बसून काही पाहतात तेव्हा त्यांच्यात काय घडतं, या विषयावर मी तिथे जाडजूड प्रबंध लिहिला. तो लिहिताना मी स्वतः दोन वर्षं एका खोलीत एकटा बसलो होतो, ही गोष्ट माझ्या मार्गदर्शकांच्याही लक्षात आली नाही.

मग मी परत आलो. दारव्ह्यापासून अकरा किलोमीटरवर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. येऊन पाहतो तर प्रत्येक ओट्यावर माणसं आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख एकत्र फिरले, आणि त्यांचे नातू-पणतू एकाच ओट्यावर बसून सात वेगवेगळे व्हिडिओ पाहतात. मला हे सहन झालं नाही. (मला सहन न होणाऱ्या गोष्टींची मैत्रेयीने यादी केली आहे. ती फ्रिजवर लावलेली आहे.)

मैत्रेयी माझी बायको. दारव्ह्याला जनावरांची सरकारी डॉक्टर आहे. दिवसभर बैलांच्या तोंडात हात घालून येत असल्यामुळे माझ्या तोंडातून काय येतं त्याचं तिला विशेष काही वाटत नाही.

हैदराबादच्या एका मित्राने देश सोडताना त्याचा प्रोजेक्टर मला देऊन टाकला. मी ठरवलं, घरातल्या हॉलमध्येच थिएटर करायचं. दर रविवारी सगळ्या तांड्याने एकत्र बसून एकच गोष्ट पाहायची. एक उजेड, एक भिंत, एक श्वास. हे वाक्य मी जेवताना म्हणून दाखवलं.

"भिंतीले खिळे नोको ठोकू," बाबा म्हणाले.

याडी, म्हणजे माझी आई लालीबाई, माझ्याशी आमच्या गोरबोलीत बोलते आणि मैत्रेयीशी वऱ्हाडीत. तुमच्या सोयीसाठी तिचं सगळं वऱ्हाडीतच लिहितो. ती म्हणाली, "श्वास एक घेशीन का दोन घेशीन, आधी जेवून घे."

आमच्या हॉलची भिंत पोपटी आहे. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी हौसेने लावलेला रंग. त्यावर पहिला सिनेमा लावला तर हिरोला कावीळ झालेली आणि व्हिलन आधीच गेलेला. मग चादर बांधली. चादरीवर मोर होते. हिरॉइन रडायला लागली की तिच्या गालावर मोराचा पाय यायचा. मग मी बाबांच्या स्वच्छ पांढऱ्या धोतराकडे पाहिलं.

"मी गेल्यावर पाह्य," बाबा म्हणाले.

तरी एक जुनं धोतर मिळवलंच. पण त्याला मधोमध शिवण होती, त्यामुळे प्रत्येक माणूस दोन भागांत यायचा. शिवाय पंखा लावला की धोतर फुगायचं आणि सडपातळ हिरोला नववा महिना लागायचा. पंखा बंद केला की प्रेक्षक उठून जायचे.

तेव्हा मी छोटासा निर्णय घेतला: एक बरा पडदा मागवायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण मैत्रेयीने ही गोष्ट फोनवर तिच्या वडिलांना सांगितली.

मैत्रेयीचे वडील डोमाजी मारेगावला राहतात. तिथल्या टॉकीजमध्ये ते एकतीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली, तिथे आता कापसाच्या गाठी ठेवतात, पण डोमाजी अजूनही कुठल्याही खोलीत शिरले की आधी उजेड कुठून येतो ते पाहतात. आमच्या लग्नाला ते आले, जेवले आणि गेले. त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी आमच्या घरी पाऊल ठेवलेलं नव्हतं. जातीपातीचं काही नव्हतं. लग्नात त्यांनी बाबांना मिठी मारली होती. त्यांचा आक्षेप माझ्यावर होता. एकदा मैत्रेयीच्या फोनचा स्पीकर चुकून सुरू राहिला आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं:

"विलायतीले शिकलेलं पोरगं तांड्यात वापस येते, मंजे तिकडं जमलं नसन त्याले. अन् तू बी गेली त्याच्या मांगं."

त्या संध्याकाळी गोठ्यात उभी राहून मैत्रेयी आमच्या म्हशीच्या गळ्याखालून बराच वेळ हात फिरवत राहिली. ती माणसांशी बोलायचं नसलं की असं करते. तिची इच्छा एवढीच होती की आईवडिलांनी एकदा यावं, एक दिवस राहावं, आणि मुलगी बरी आहे हे पाहून जावं.

तर पडद्याची गोष्ट ऐकून डोमाजींनी पहिल्यांदा स्वतःहून मला फोनवर बोलावलं.

"पडदा कोनता घेऊन राह्यले?"

"अजून ठरवतोय, बाबा."

"हूं. ठरला का सांगा. पाहाले येतो."

मैत्रेयीने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या वासराकडे पाहते. म्हणाली, "लखन, नीट पडदा घे."

बस. त्यानंतर मी नुसता पडदा घेत नव्हतो, सासऱ्यांना घरात आणत होतो.

मी दोनशे पानी वही आणली. तीन आठवडे पडद्यांचा अभ्यास केला. कापड कोणतं, विणीचं की प्लास्टिकचं. उजेड किती परत फेकतं. बाजूला बसलेल्या माणसाला कसं दिसतं. गुंडाळायचा घ्यावा की चौकटीवर ताणायचा. कोष्टकं काढली. हॉलचा नकाशा काढला, त्यात मागे रचलेली बाबांची सोयाबीनची पोतीसुद्धा मोजून दाखवली. (बाबा भाव चढायची वाट पाहत होते. पोती छातीपर्यंत चढली होती.) रोज जेवताना मी वाचून दाखवत असे.

"पांढरा घेतला तर चित्र उजळ येतं, पण काळा रंग काळा दिसत नाही. राखाडी घेतला तर काळं कसं काळंभोर दिसतं."

"भाकर थंडी होऊन राह्यली," याडी म्हणायची.

"आणि चारही बाजूंनी रुंद काळी किनार हवी. तिच्यामुळे चित्र उठून दिसतं."

"काळी?" याडीने विचारलं.

"काळी."

"चारी बाजूनं?"

"चारी बाजूंनी."

ती गप्प बसली. (प्रबंधात मी एक संपूर्ण प्रकरण लोकांच्या गप्प बसण्यावर लिहिलं आहे. आईच्या गप्प बसण्याचा त्यात उल्लेख नाही.)

शेवटी निवडला: एकशे वीस इंची, राखाडी, काळ्या किनारीचा, चौकटीवर ताणायचा. राखाडी शिल्लक नव्हता म्हणून आणखी तीन आठवडे थांबलो. पार्सल दारव्ह्यापर्यंतच आलं. पुढे काळीपिवळी जीप. टपावर नऊ फुटांचं गोल खोकं बांधलं आणि मी आत बसलो. शेजारच्या काकांनी वर पाहिलं.

"ठिबकचा पाइप हाये का?"

"नाही हो. पडदा आहे."

"किती इंची?"

"एकशे वीस."

काका दोन गावं हिशेब करत होते. मग म्हणाले, "एकशे वीस इंचीच्या पाइपातून तं बैलगाडी जाते."

"पाइप नाही, काका. पडदा. सिनेमा पाहायचा."

"मंग गोल कायले हाये?"

"गुंडाळलाय."

"अस्सं." त्यांना पटलं असावं, असं वाटेपर्यंत त्यांनी हळूच विचारलं, "पन मोटर किती हॉर्सपॉवरची लागन?"

मी तांड्यात उतरलो तेव्हा माझ्याआधी बातमी उतरली होती. बाबांना तोवर तिघांनी विचारलं होतं की तुमचा लखन धरणातून पाणी आणतोय ते आमच्या शेतावरून जाईल का. बाबांनी दोघांना हो म्हणून टाकलं होतं.

शुक्रवारी चौकट जोडली, कापड ताणलं, आणि बाबांच्या नाकावर टिच्चून भिंतीला दोन खिळे ठोकून पडदा टांगला. काय सांगू. राखाडी, सपाट, सुरकुती नाही, डाग नाही. मी पाच पावलं मागे जाऊन नुसता पाहत राहिलो. प्रोजेक्टर लावलाही नव्हता. मग धूळ बसू नये म्हणून त्यावर ती मोरांची चादर टाकली आणि सगळ्यांना बजावलं, "मी येईपर्यंत याला कुणी बोट लावायचं नाही."

"नाई लावत," याडी म्हणाली. (तिने बोट लावलं नाही. तिने सुई लावली. पण ते पुढे.)

शनिवारी सकाळी मी दारव्ह्याच्या एका मित्राची गाडी घेऊन मारेगावला गेलो. रविवारी सकाळी सासूसासऱ्यांना घेऊन निघालो. डोमाजी पुढे बसले, मांडीवर एक लहान पिशवी. सासूबाई इंदूबाई मागे. त्यांच्याजवळ तीन दिवसांचे कपडे मावतील एवढी बॅग होती. डोमाजींनी ती बॅग पाहून आधीच सांगितलं होतं, "संध्याकाळी वापस यायचं हाये." इंदूबाई म्हणाल्या, "हाव न, मी कुठं नाई म्हनलं," आणि बॅग पायाखाली सरकवली.

रस्त्यात मी पडद्याविषयी बोललो. यवतमाळपर्यंत राखाडी रंग, यवतमाळच्या पुढे किनार. डोमाजी ऐकत होते.

"हूं. डाग तं नाई न?"

"एकही नाही."

"डाग नाई पायजे." ते समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. "आमच्या पडद्याले एका बुवानं अडकित्ता फेकून मारला होता. मधोमध भोक. मालकानं बारा वर्ष बदलला नाई. बारा वर्ष जे हिरॉइन आली तिच्या गालाले भोक. सगळं चित्र सोडून मानसाची नजर तिथंच जाते. बाकी कसाही चालन, पन मधात काही नाई पायजे."

"आपल्या पडद्याच्या मधात काहीही नाही, बाबा," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

आम्ही एकच्या सुमाराला पोचलो. दारात बाबा उभे होते. नवं धोतर, नवा फेटा आणि दोन दिवसांची दाढी. हनुवटीवर कापल्याची जखम. "जय सेवालाल, इवाई." "जय भीम, जय भीम." दोघा व्याह्यांनी पुन्हा मिठी मारली.

"बाबा, आजच्या दिवशी तरी दाढी," मी कानात म्हणालो.

"आरसाच सापडून नाई राह्यला," बाबा वैतागून म्हणाले. "अंदाजानं करत होतो. अर्ध्यात सोडली."

आत याडीच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिची जाऊ गंगी काकी उगाच हसत होती. मैत्रेयी वडिलांचा हात धरून त्यांना म्हैस दाखवायला घेऊन गेली, माझ्याकडे न पाहता. माणसाला चार-चार सूचना मिळाल्या तरी तो शिकलेला असला की त्याला काही कळत नाही.

तीन वाजता हॉल भरला. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. पुढे खुर्चीवर डोमाजी, शेजारी इंदूबाई, जमिनीवर सगळा तांडा, मधोमध उंच स्टुलावर प्रोजेक्टर, त्याच्या मागे मी. माझ्याही मागे सोयाबीनच्या पोत्यांवर याडी चढून बसली होती, तिथून सगळं दिसतं म्हणून. बाबांनी पुढे जाऊन नारळ फोडला. मी एक बल्ब लावून भाषण केलं. एक उजेड, एक भिंत, एक श्वास. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटतं नारळासाठी. मग मी पुढे गेलो आणि चादर ओढली.

माझा पडदा गेला होता.

म्हणजे होता तिथेच होता. पण त्याच्या काळ्या किनारीच्या जागी लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांची वीतभर रुंद पट्टी होती. पट्टी काळ्या किनारीवर थांबली नव्हती, हौसेच्या भरात आणखी वीतभर आत आली होती. खालून कवड्यांची झालर लोंबत होती. पट्टीभर आरसे. शेकडो. आणि बरोबर मधोमध, जिथे काहीही नको होतं तिथे, रंगीत दोऱ्याच्या जाळीत पकडून बसवलेला, बशीएवढा एक गोल आरसा.

डोमाजी म्हणाले, "हूं."

मी गर्दीतून पोत्यांपाशी आलो. "याडी, हे काय आहे?"

"किनार."

"किनार होती त्याला. काळी."

"होती न. चारी बाजूनं काळी, मयताच्या पत्रासारखी. इवाई पह्यल्यांदा घरी येऊन राह्यले अन् मी भिंतीवर मयताचं पत्र लावून ठेवू?"

"अन् मळलेलाबी होता बापा," गंगी काकी खालून म्हणाली. "फसवलं तुले दुकानदारानं. मी अन् लालीनं सोड्याच्या पान्यानं घासला, पन मळ हटलाच नाई."

(त्या मळासाठी मी तीन आठवडे थांबलो होतो.)

"आणि मधोमध?"

"नजर लागू नाई म्हनून."

"थो माह्या दाढीचा आरसा हाये," अंधारातून बाबांचा आवाज आला.

मी मैत्रेयीकडे वळलो. ती पोत्यांना टेकून उभी होती. "तू होतीस ना इथे? थांबवलं का नाहीस?"

"मी सुया ओवत होते," ती म्हणाली. मग जवळ येऊन हळू आवाजात: "आईंनी त्यांच्या लग्नातला फेटिया उसवलाय. तो घेरदार घागरा, पेटीतला. त्याचे आरसे आहेत हे. माझ्या बाबांसाठी. आता काय म्हणायचं ते विचार करून म्हण."

मी विचार केला आणि काही म्हणालो नाही. (लग्नानंतरचा माझा हा सर्वांत प्रभावी युक्तिवाद.)

पण पुढच्या खुर्चीत डोमाजींची पाठ ताठ झाली होती. मधात काही नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्यांनी पायाजवळची लहान पिशवी मांडीवर घेतली. मैत्रेयीने ते पाहिलं. मी बल्ब बंद केला आणि प्रोजेक्टर सुरू केला. दुसरं काय करणार.

सिनेमा मी फार विचारपूर्वक निवडला होता. बर्फाच्या प्रदेशातून समुद्र ओलांडून जाणाऱ्या पक्ष्यांचा माहितीपट. पक्षी म्हणजे आमचे पूर्वज, हे प्रेक्षकांना आपोआप कळणार होतं. (अजून कुणाला कळलेलं नाही.)

पडद्यावर समुद्र आला. आणि सगळ्या माना एकदम वर, छताकडे गेल्या.

चित्राच्या कडा याडीच्या पट्टीवर पडत होत्या. तिथले शेकडो आरसे तो उजेड उचलून सगळ्या हॉलभर फेकत होते. छतावर, पोपटी भिंतींवर, फेट्यांवर, लेकरांच्या डोक्यांवर निळे ठिपके थरथरत होते. समुद्र संपून बर्फ आला तसे सगळे ठिपके एकदम पांढरे झाले. पक्षी उडाले, आणि छतभर काहीतरी भुर्रकन सरकलं. पोपटी भिंतसुद्धा छान दिसत होती.

"थो माहा," गंगी काकी छताकडे बोट दाखवून म्हणाली. "थो कोपऱ्यातला. दोन कवड्यांच्या मधचा."

"तुहा नाई थो, माहा हाये. मी लावला वाकडा."

"मंग माहा कुठं गेला?"

"इवाईच्या टकलावर हाये पाह्य."

मग मात्र हॉल हसायला लागला, आणि हसणं थांबेना. मला वाटलं, अजून त्या टकलावरच चाललंय. मग लक्षात आलं, पुढची माणसं मागे वळून माझ्याकडे पाहत होती.

मधला आरसा. बाबांचा दाढीचा आरसा आपल्यावर पडणारा सगळा उजेड सरळ परत पाठवत होता, आणि परत येऊन तो नेमका माझ्या तोंडावर पडत होता. अंधारात माझं नुसतं मुंडकं लटकत होतं. समुद्र आला की निळं, सूर्यास्त झाला की नारिंगी, आणि शेवाळ दाखवलं तेव्हा हिरवं.

"पिक्चरमदी लखन हाये का?"

"अजून नाई आला. तूर्त मांगंच उभा हाये."

"मले मांगचाच पिक्चर पसंत हाये बाप्पा."

मी डावीकडे सरकलो तर प्रोजेक्टर हलला. पुन्हा जागेवर आलो तर पुन्हा निळा. इतक्यात डोमाजी उठले. पिशवी हातात होती. मैत्रेयीने माझं मनगट धरलं.

ते माणसांतून वाट काढत प्रोजेक्टरपाशी आले आणि तिथे, उजेडाच्या उगमाशी, त्यांची नेहमीची जागा असल्यासारखे उभे राहिले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते माणसांकडे पाहत होते. सगळी माणसं मागे तोंड करून बसलेली, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दोन-चार ठिपके.

"एकतीस वर्ष," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "ऑपरेटरले काय दिसते? लोकायच्या पाठी. टाळ्या आयकू येत, हासनं आयकू ये. पन एकतीस वर्षात पिक्चर पाहतानी मानसाचं तोंड कसं दिसते, थे मले कधी दिसलं नाई." त्यांनी डोळे मिचकावले. त्यांच्या कपाळावर एक पांढरा ठिपका थरथरत होता. "आज दिसून राह्यलं."

इंदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही घसा साफ केला. या क्षणी माझ्या प्रबंधातलं एक वाक्य चपखल बसणार होतं.

"पन थोडं चुकलं हाये," डोमाजी म्हणाले. "मधातला एवढा चांगला उजेड हाये, थो जवायाच्या तोंडावर वाया जाऊन राह्यला."

"मग काय करायचं, बाबा?"

"पडदा खालून थोडा पुढं घ्या लागते. भिंत अन् चौकटीच्या मधात काही तरी द्या. वही-बिही हाये का, दोन बोटं जाडीची?"

मैत्रेयीने वही आधीच आणली होती. माझी दोनशे पानी वही. कोष्टकं, नकाशा, राखाडीचे फायदे. डोमाजींनी ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून जाडी पाहिली, पानं उघडली नाहीत, आणि पुढे जाऊन चौकटीच्या खाली भिंतीशी खोचली.

उजेडाचा गोळा माझ्या तोंडावरून सरकला, कपाळावरून गेला, डोक्यावरून पलीकडे गेला आणि पोत्यांवर बसलेल्या याडीच्या तोंडावर जाऊन थांबला.

सगळा तांडा तिच्याकडे पाहत होता. तिने आधी ओढणी तोंडावर घेतली. मग एका डोळ्याने बाहेर पाहिलं. मग ओढणी सोडून दिली आणि ताठ बसली. पडद्यावर सकाळ होत होती. तिचे पांढरे केस, गळ्यातली चांदीची हसळी, सुरकुत्या, सगळं हळूहळू गुलाबी होत गेलं.

"पह्यल्या दिवशी अशीच दिसत होती," बाबा अर्धवट दाढीतून म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळल्यावर उठून खिडकीची घोंगडी उगाच नीट करायला गेले.

सिनेमा किती जणांनी पाहिला, मला माहीत नाही. पण सव्वा तास त्या हॉलमध्ये एकानेही मोबाइल काढला नाही, हे मी शपथेवर सांगतो. (गंगी काकीने काढला, पण तो तिच्या ठिपक्याचा फोटो घ्यायला.) एक उजेड, एक भिंत, आणि श्वासही, मला वाटतं, एकच. याला जिंकणं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

संध्याकाळी डोमाजींनी लहान पिशवी उघडली. आत पडदे पुसायचं पिवळं फडकं होतं, टॉकीजच्या काळातलं. ते परत जायची नव्हे, कामाची पिशवी घेऊन आले होते. त्यांनी एकेक आरसा पुसायला घेतला. इंदूबाईंनी पायाखालची बॅग गुपचूप आतल्या खोलीत नेली. मैत्रेयी गोठ्याकडे न जाता स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं बोलणं ऐकू येत राहिलं, दोन वर्षांत बोलली नव्हती एवढं.

ते चार दिवस राहिले. चारही दिवस दुपारी शो झाला. ऑपरेटर डोमाजी. पोत्यांवरच्या जागेसाठी बायकांनी नंबर लावले आणि बाबांनी सोयाबीन विकायचा बेत पुढे ढकलला. माझ्याकडे बल्बचं बटण देण्यात आलं. शेजारच्या तांड्यातूनही माणसं आली. त्यांतल्या एका काकांनी हॉलभर पाहून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "हे सगळं बेस हाये, पन थो एकशे वीस इंची पाइप कुठं बसवला?"

पाचव्या दिवशी गाडीत बसताना डोमाजी थांबले. मैत्रेयीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरी हाये तू इथं." मग माझ्याकडे वळले. मी ताठ उभा राहिलो. दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते आता येणार, हे मला कळलं होतं.

"जवाई," ते म्हणाले, "मी म्हनत होतो, एवढं शिकून वापस कायले आले. पन थे तुमी बरं केलं."

मी त्यांना आत बसवून दार लावता लावता म्हणालो, "बाबा, मला एवढंच ऐकायचं होतं."

"नाई त काय," डोमाजी खिडकीची काच खाली करत म्हणाले. "तुमी तिकडंच राह्यले असते, तं ऐन वक्तावर एवढ्या जाडीची वही आनली असती कुठून?"